दातांची बखर

इतिहास म्हटला की आपणा मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे बखरी, सनदा, ताम्रपट आणि दफ्तरखान्यातले रुमाल उभे राहतात. कोणी कोणता किल्ला घेतला, कोणी कोणाशी तह केला, कोणास कोणते वतन मिळाले, याच्या नोंदी आपल्या पूर्वजांनी जपून ठेवल्या आणि त्यांचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण ज्यांच्या हाती लेखणी नव्हती, ज्यांच्या नावे कधी सनद निघाली नाही, ज्यांनी जन्मभर जमीन कसली, धान्य दळले, मडकी घडवली आणि मुले वाढवली, त्यांचे दफ्तर कोठे शोधावे? ज्या काळी लेखनकलाच अवगत नव्हती, त्या काळच्या माणसांविषयी तर काही बोलताच येणार नाही काय? गेल्या काही दशकांत पुरातत्त्वज्ञांनी आणि मानवशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचे जे उत्तर दिले आहे, ते ऐकून प्रथम हसू यावे. ते म्हणतात, त्या माणसांचे दफ्तर त्यांच्या तोंडातच आहे.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत प्राचीन माणसांच्या दातांविषयी लेख कशासाठी, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. तिचे आमचे उत्तर दुहेरी आहे. या शास्त्रातील एक मोलाचे प्रकरण पुणे जिल्ह्यात, घोड नदीच्या काठी लिहिले गेले आहे, हे एक. आणि आपले गाव सोडून दूरदेशी वसलेल्या माणसाची मूळ माती त्याच्या दातांत कशी टिकून राहते, हे हे शास्त्र सांगते, हे दुसरे. परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना ही दुसरी गोष्ट विशेष जवळची वाटावी.

प्रथम दात हा पुरावा का मानला जातो, ते पाहू. शरीरातील हाडे जन्मभर झिजत आणि नव्याने भरत असतात. दाताच्या वरचे चकचकीत कवच, ज्याला शास्त्रीय परिभाषेत दंतवल्क म्हणतात, ते मात्र एकदा तयार झाले की पुन्हा भरून येत नाही. ते मानवी शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य आहे. त्यामुळे सांगाड्याची माती झाली तरी दात शाबूत राहतात. दंतवल्क थराथराने वाढते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यात दिवसागणिक पडलेल्या रेघा दिसतात. दुधाच्या दातांची घडण आईच्या पोटात असतानाच सुरू होते, आणि जन्माच्या वेळी शरीराला बसलेल्या धक्क्याची एक ठळक रेघ त्यांत उमटते. जन्मानंतर मूल काही दिवस जगले असेल तरच ती रेघ दिसते. म्हणजे ज्या बालकाचे बारसेही झाले नसेल, त्याच्या अल्पायुष्याची नोंद निसर्गाने करून ठेवलेली असते.

या नोंदी मुख्यतः चार प्रकारच्या आहेत. दात कसा झिजला यावरून अन्न कसे होते आणि दातांचा हत्यारासारखा उपयोग होत होता की काय, हे कळते. कीड किती लागली यावरून आहारात पिठूळ व गोड पदार्थांचे प्रमाण कळते. दातांवर साचून दगडासारख्या झालेल्या किटणात धान्याचे, कंदांचे, रंगांचे सूक्ष्म कण अडकून राहतात. आणि दंतवल्काच्या रासायनिक घडणीत बालपणी प्यालेल्या पाण्याची व खाल्लेल्या अन्नाची खूण राहते.

झिजेपासून आरंभ करू. सीरिया देशात युफ्रेटिस नदीच्या काठी अबू हुरेरा नावाचे प्राचीन गाव होते. धरणाच्या पाण्याखाली ते बुडण्यापूर्वी १९७२-७३ मध्ये तेथे घाईने उत्खनन झाले. दहा हजार वर्षांपूर्वी जगातील अगदी आरंभीच्या शेतकऱ्यांपैकी काहींची वस्ती तेथे होती. थेया मॉलेसन या विदुषींनी तेथील सांगाड्यांचा अभ्यास करून १९९४ मध्ये निष्कर्ष मांडले. दगडी पाट्यावर रगडलेल्या धान्यात दगडाची कच आणि न दळलेले दाणे राहत. त्यामुळे या लोकांचे दात झिजून सपाट झाले होते, काहींचे तर दाणा चावताना फुटले होते. शिवाय अनेक स्त्रियांच्या पायाच्या अंगठ्यांचे सांधे, गुडघे आणि पाठीचे मणके बिघडलेले आढळले. गुडघे टेकून, अंगठ्यांवर भार देऊन, पुढेमागे झुकत तासन्‌तास धान्य रगडल्याचा तो परिणाम होता. काहींच्या पुढच्या दातांवर खाचा होत्या. टोपल्या विणताना वेत वा बोरू दातांत धरून ओढल्याच्या त्या खुणा असाव्यात, असे त्यांनी सुचवले. शेतीचा शोध हा मानवाचा महान पराक्रम म्हणून आपण शाळेत शिकलो. त्या पराक्रमाची रोजची किंमत कोणी मोजली, हे मात्र या दातांनी आणि अंगठ्यांनी सांगितले. ज्यांच्या आज्या-पणज्या पहाटे उठून जात्यावर बसत, त्या आपल्यासारख्यांना या पुराव्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये.

दातांचा हत्यारासारखा उपयोग ही काही केवळ प्राचीन रीत नाही. दोरा दाताने तोडणारे, सुया वा टाचण्या दातांत धरणारे शिवणकामगार आपण पाहिले आहेत; वर्षानुवर्षे तसे केल्याने त्यांच्या पटाशीच्या दातांना बारीक खाचा पडतात. व्यवसायाची याहूनही विलक्षण खूण जर्मनीतील डालहाइम येथे मिळाली. तेथील एका मठाच्या स्मशानभूमीत पुरलेल्या, सुमारे ४५ ते ६० वर्षे वयाच्या एका स्त्रीच्या दातांवरील किटणात निळ्या रंगाचे कण सापडले. ही स्त्री इ. स. ९९७ ते ११६२ या काळात केव्हातरी मरण पावली होती. ते कण लाजवर्द या मौल्यवान दगडाच्या पुडीचे निघाले. हा दगड त्या काळी अफगाणिस्तानातून युरोपात जात असे आणि धर्मग्रंथांच्या अत्यंत मूल्यवान प्रतींची चित्रे रंगवण्यासाठी वापरला जात असे. रंगवताना कुंचल्याचे टोक ओठांनी ओले करण्याची सवय असल्यास रंग दातांवर बसणारच. २०१९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. तोवर असे ग्रंथ पुरुष संन्याशांनीच सजवले असा सर्वसाधारण समज होता, कारण स्त्रिया आपल्या कामाखाली सही क्वचितच करीत. या स्त्रीने कोणते पृष्ठ रंगवले ते आज सांगता येत नाही. पण तिने हे काम केले असावे, याची साक्ष तिच्या दातांनी नऊशे वर्षांनंतर दिली.

आता भारतीय उपखंडाकडे वळू. आज पाकिस्तानात असलेल्या बलुचिस्तानात, बोलन खिंडीच्या पायथ्याशी मेहरगढ हे स्थळ आहे. १९७४ पासून झां-फ्रांस्वा जारीज यांच्या नेतृत्वाखाली फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी तेथे उत्खनन केले. तेथील दफनभूमीत नऊ प्रौढ व्यक्तींच्या एकूण अकरा दाढांना मुद्दाम पाडलेली गोल छिद्रे आढळली. ती सुमारे साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीची आहेत. छिद्रांच्या कडा नंतरच्या चावण्याने गुळगुळीत झाल्या होत्या, म्हणजे ही क्रिया जिवंत माणसांवर झाली होती. काही दाढांना कीड लागलेली होती, त्यावरून हा दंतवैद्यकाचा प्रकार असावा असे मानले जाते. गारगोटीचे टोक बसवलेल्या धनुष्यासारख्या सामत्याने तसेच छिद्र पाडून पाहिले, तेव्हा एक मिनिटही लागले नाही. २००६ मध्ये हा शोध जाहीर झाला. मेहरगढचे कारागीर कठीण दगडांचे मणी पाडण्यात निष्णात होते. मण्याला भोक पाडणारा हातच शेजाऱ्याच्या दाढेकडे वळला असावा, हा तर्क सहज पटण्यासारखा आहे.

त्यानंतर काही हजार वर्षांनी सिंधू संस्कृतीची नगरे उभी राहिली. अमेरिकेतील ऑरेगॉन विद्यापीठाचे जॉन लुकाक्स यांनी हडप्पा येथील दातांची पाहणी करून १९९२ मध्ये असे दाखवले, की तपासलेल्या दातांपैकी सुमारे सात टक्के किडलेले होते. मेहरगढच्या आद्य शेतकऱ्यांपेक्षा हे प्रमाण पुष्कळ अधिक आहे. धान्य अधिक बारीक दळले गेले, शिजवून मऊ झाले आणि दातांना चिकटून राहू लागले. संस्कृती पुढे गेली आणि कीड वाढली. स्त्रियांचे दात पुरुषांपेक्षा अधिक किडलेले होते. गरोदरपणी लाळेत होणारे बदल, वारंवारची बाळंतपणे आणि स्वयंपाक करता करता थोडेथोडे खाणे ही कारणे लुकाक्स यांनी पुढे विस्ताराने मांडली. नगररचनेची भव्यता सांगताना आपण रस्ते, गटारे आणि स्नानगृहे मोजतो. त्या नगरांतील गृहिणींची दाढ दुखत होती, हेही त्याच इतिहासाचे एक पान आहे.

हेच लुकाक्स आपल्या महाराष्ट्राच्या मातीतही आले होते, म्हणून आता घोड नदीच्या काठी जाऊ. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी या विद्वानांची नावे त्या कार्याशी कायमची जोडली गेली आहेत. इ. स. पू. १६०० च्या सुमारापासून ७०० पर्यंत तेथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे गाव नांदले. ते मुख्यतः जव पिकवीत. गहू, मसूर, वाटाणा, हुलगाही त्यांना ठाऊक होता. नदीचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी बांध घातला आणि पाट काढला होता. आणि आपल्या मृतांना ते घराच्या जमिनीखालीच पुरत. मूल गेले तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवीत आणि त्यांत त्याला निजवीत. प्रौढांना उताणे पुरताना त्यांचे पाय घोट्यांखाली तोडण्याची रीत होती. मृत व्यक्तीने परत चालत येऊ नये किंवा घर सोडून जाऊ नये, असा काही भाव त्यामागे असावा, असे विद्वानांनी म्हटले आहे. दोनशेहून अधिक दफने मिळाली, आणि त्यांत बहुसंख्या लहान मुलांची आहे.

पुढे आपल्याकडे दहनाची रूढी सर्वत्र पसरली आणि चितेबरोबर हा पुरावाही नष्ट होऊ लागला. त्यामुळे इनामगावच्या या संग्रहाचे मोल फार मोठे आहे. लुकाक्स आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी त्यावर वर्षानुवर्षे परिश्रम केले आणि १९८६ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दुधाच्या दातांची वाढ ठरावीक क्रमाने होते. म्हणून मडक्यातले मूल किती महिन्यांचे होते, हे दातांवरून बऱ्याच निश्चितपणे सांगता येते. उपासमार वा मोठे आजारपण आले की दंतवल्काची वाढ थांबते आणि दातावर खोलगट रेघ वा खळगा कायमचा राहतो. दुधाच्या सुळ्यांवरील अशा खळग्यांचा अभ्यास या दोघांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केला आणि गावाच्या आरंभीच्या व अखेरच्या काळातील मुलांची तुलना केली.

कारण या गावाचा उत्तरकाळ हलाखीचा होता. इ. स. पू. १००० नंतर प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, रंगीत मडक्यांची कारागिरी उतरली, गव्हाचे पीक मागे पडले आणि शिकारीवरचा भर वाढला. पाऊस घटला म्हणून हे झाले, असे ढवळीकरांनी मांडले. पुढच्या काळातील संशोधकांना हे कारण इतके सरळ वाटले नाही. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगावच्या बालकांच्या अस्थींवर २०११ मध्ये ग्रंथ लिहून हवामानाच्या त्या उपपत्तीविषयी शंका घेतली. परंतु अखेरच्या काळातील मुलांची वाढ खुंटलेली होती, हे त्यांनीही दाखवले. कारणाविषयी वाद आहे, दुःखाविषयी नाही. कोणा राजाच्या स्वारीची वा दुष्काळाची एकही ओळ उपलब्ध नसताना, एका गावावर वाईट दिवस आले होते हे आपल्याला कळते, आणि ते सांगणारी साक्ष लहान मुलांची आहे. ज्या आईने मडक्याची तोंडे जुळवली, तिचे नाव कोणास कळणार नाही. तिच्या घरात काय घडले, तेवढे मात्र काळाला पुसता आले नाही.

आता आम्ही आरंभी म्हटलेल्या दुसऱ्या कारणाकडे येतो. खडकांत स्ट्रॉन्शियम नावाचे मूलद्रव्य असते. त्याच्या समस्थानिकांचे परस्परप्रमाण प्रदेशागणिक बदलते. सह्याद्रीच्या काळ्या कातळात ते कमी असते, तर दक्षिणेतील अतिप्राचीन ग्रॅनाइटच्या प्रदेशांत पुष्कळ अधिक. खडकातून मातीत, मातीतून पाण्यात व धान्यात, आणि तेथून वाढत्या मुलाच्या दातात ते उतरते. पहिली कायमची दाढ जन्माच्या सुमारास घडू लागते आणि तिचे कवच तिसऱ्या वर्षाच्या आसपास पूर्ण होते. अक्कलदाढेचे कवच मात्र साधारण आठव्या वर्षानंतर घडते. म्हणून एकाच माणसाच्या या दोन दाढांतील प्रमाण निराळे निघाले, तर बालपणी त्याने मुलूख बदलला असा निष्कर्ष काढता येतो.

हडप्पा येथील आणि हरियाणात रोहतक जिल्ह्यात असलेल्या फरमाणा येथील दातांवर असे संशोधन झाले व २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. फरमाण्याच्या उत्खननात डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे अग्रणी होते. निष्कर्ष चकित करणारा होता. या दफनभूमींत विसावलेली जवळजवळ सर्व माणसे मूळची तेथील नव्हती. ती बालपणी दूरच्या प्रदेशांतून तेथे आली होती. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्त्यांच्या मातीत मिसळलेली माणसे अशी बाहेरून आलेली होती! त्यांना तेथे कोणी आणले, कोणत्या नात्याने वा व्यवहाराने ती आली, हे दात सांगत नाहीत. पण पहिल्या दाढेत राहिलेले गाव शेवटच्या दिवसापर्यंत त्यांच्याबरोबर होते. आणि त्याच फरमाण्याच्या भांड्यांवर व मानवी दातांवर हळदीचे आणि आल्याचे पिष्टकण मिळाल्याचे अरुणिमा कश्यप व स्टीव्ह वेबर यांनी २०१० च्या सुमारास जाहीर केले. परमुलखातल्या त्या घरांतही फोडणीचा वास दरवळत असणार, असे म्हणण्याचा मोह आम्हांस आवरत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अगत्याचे आहे. दात आहार सांगतो, काम सांगतो, आजार आणि प्रवास सांगतो; तो भाषा सांगत नाही, देव सांगत नाही, जात सांगत नाही. इनामगावच्या शेतकऱ्यांना मराठी म्हणून मिरवणे योग्य होणार नाही. मराठी भाषेचा उदय त्यानंतर कित्येक शतकांनी झाला. शिवाय हत्तीप्रमाणे माणसाचेही खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे असतात. आपल्या थोरवीसाठी इतिहासाकडे धाव घेणाऱ्यांचे दाखवायचे दात आपण नेहमीच पाहतो. खायचे दात अधिक प्रामाणिक असतात; ते झिजतात, किडतात आणि खरे बोलतात.

आपली स्वतःची नोंद मात्र आता दातांवर सोपवून चालणार नाही. आज शहरातल्या पानात पंजाबचा गहू, आंध्राचा तांदूळ आणि कोठलाही भाजीपाला येतो. त्यामुळे प्रदेशाची ती खूण पुसट होत चालली आहे. पण आपल्या हाती लेखणी आहे, आणि तीच इनामगावकरांच्या हाती नव्हती. बहुतेक मंडळांच्या इतिवृत्तांत अध्यक्षांची, कार्यवाहांची आणि देणगीदारांची नावे असतात. उत्सवाच्या आदल्या रात्री जागून पुरण वाटणाऱ्या, परक्या बाजारात भाकरीचे पीठ शोधत हिंडणाऱ्या, नव्या बिऱ्हाडात पहिली चूल मांडणाऱ्या स्त्रियांची नावे तेथे क्वचितच असतात. आपापल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे: आपण कोणत्या विहिरीचे पाणी प्यालात, काय दळलेत, काय खाल्लेत, येथे कोणत्या वर्षी आलात आणि प्रथम कोणते काम केलेत? त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत उतरवून मंडळाच्या ग्रंथालयात ठेवावीत. तीन हजार वर्षांनी एखाद्या संशोधकाने भिंग घेऊन आपली चौकशी करावी, याची वाट पाहण्याचे आपल्याला कारण नाही. सांगणारी माणसे आज आपल्या घरात आहेत.